वीजबिल उतरवायचंय? आधी जॅकवेलवर जा: नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींसाठी ऊर्जाबचतीची वाट

सरकारी कचेरीत वीज वाचवायची म्हटलं की पहिला ठराव सौर पॅनेलचा होतो. पॅनेल गच्चीवर दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं, फोटो पेपरात येतो. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये (पाणी उपसण्याच्या विहिरीत) वर्षानुवर्षं घरघरणाऱ्या पंपाचं उद्घाटन कोण करणार? पण बहुतेक छोट्या शहरांत आणि मोठ्या गावांत विजेचा सगळ्यात मोठा खर्च पाणी उपसण्याचा असतो. त्यानंतर रस्त्यावरचे दिवे. कचेरीतले पंखे, एसी, कॉम्प्युटर यांचा नंबर पुष्कळ खाली लागतो.

म्हणून या लेखातला क्रम असा: आधी बिलं, मग पंप, मग दिवे, मग कचेरी, आणि सौर सगळ्यात शेवटी. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ मध्ये पदनाम बदललं, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), मुख्याधिकारी, पाणीपुरवठा अभियंता आणि सभेत नेमका प्रश्न विचारू पाहणारा नगरसेवक किंवा नागरिक, अशा सगळ्यांना हा लेख वापरता येईल.

बिलांचा गठ्ठा सोडा

वीजबिल येतं, आवक-जावकमध्ये चढतं, लेखा विभागात जातं आणि निधी असेल तर भरलं जातं, नाहीतर थकबाकीत पडतं. या सगळ्या प्रवासात ते वाचत कुणीच नाही. तेव्हा पहिलं काम एका माणसाकडे सोपवायचं. नगरपरिषदेत विद्युत पर्यवेक्षक, ग्रामपंचायतीत एखादा चुणचुणीत लिपिक किंवा संगणक परिचालक चालेल. तोंडी सांगू नका, मासिक सभेत त्याच्या नावानं ठराव करा. तोंडी दिलेलं काम बदलीबरोबर जातं.

त्यानं संस्थेच्या नावावरची सगळी वीजजोडणी एका तक्त्यात उतरवायची. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, ठिकाण, दरवर्ग, मंजूर भार, मीटरची स्थिती, आणि मागच्या बारा महिन्यांचे युनिट व रक्कम. मग तक्ता घेऊन प्रत्येक मीटरपर्यंत प्रत्यक्ष चालत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो, पण बिनखर्चाची बचत सगळ्यात जास्त इथेच सापडते.

काय शोधायचं? पाणी आटलेल्या विंधन विहिरीची जोडणी, जिचा स्थिर आकार दर महिन्याला चालूच आहे. दुसऱ्या इमारतीत गेलेल्या अंगणवाडीचं जुनं मीटर. 'सरासरी' म्हणून येणारं बिल, म्हणजे मीटर बंद आहे किंवा रीडिंगच घेतलेलं नाही. अशा बिलावर बचतीचा हिशोब बसवता येत नाही, त्यामुळे आधी मीटर बदलून घेण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दरवर्ग तर हमखास तपासा. सार्वजनिक पाणीपुरवठा, पथदिवे आणि सार्वजनिक सेवा यांचे लघुदाबाचे वर्ग वेगवेगळे आहेत. सरकारी शाळा आणि दवाखाने सार्वजनिक सेवांच्या शासकीय उपवर्गात येतात. तिथे व्यापारी दर लागलेला असेल तर अर्ज करून वर्ग बदलून घ्यायचा. एवढ्यानं एकही युनिट वाचत नाही हे खरं, पण पुढच्या कामांना लागणारा पैसा इथून निघू शकतो.

उच्चदाब जोडणी असेल तर आणखी दोन रकाने बघा. एक, करार मागणी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेऊ, असा वीज कंपनीशी ठरलेला आकडा. कधीकाळी मोठ्या योजनेसाठी घेतलेली मागणी तशीच राहते आणि प्रत्यक्ष वापर तिच्या आसपासही पोचत नाही. तरीही तिच्या ठरावीक टक्क्यांवर आकार लागतोच. दुसरा रकाना पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेतला किती भाग प्रत्यक्ष कामी येतो त्याचा. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच या, कामी न येणारा भागही मोजणाऱ्या एककावर निघतं. त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बंद पडलेले असतील तर पूर्वीसारखा 'दंड' असा वेगळा रकाना दिसत नाही, युनिटच फुगलेले दिसतात. पॅनेलमधले कपॅसिटर खरंच करंट घेतायत का, हे क्लॅम्पमीटर लावून वायरमन पाच मिनिटांत सांगतो.

विलंब आकार आणि थकबाकीवरचं व्याज हे आकडे वेगळ्या रकान्यात काढा. सभेसमोर ठेवायला याहून परिणामकारक आकडा नाही.

पंप: इथे सावकाश जा

पंपाची कार्यक्षमता मोजायला बाहेरून पथक आणावं लागतं, असा समज आहे. सविस्तर ऊर्जा लेखापरीक्षणासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक बोलवावा, तो लागतोच. पण पहिला अंदाज तुमचा व्हॉल्व्हमन, एक टेप, एक घड्याळ आणि एक प्रेशर गेज यांवर निघतो.

तीन गोष्टी मोजायच्या.

पाणी किती चढतं? गावातल्या उंच टाकीची आउटलेट बंद करा, पंप सुरू करा आणि अर्ध्या तासात पातळी किती वाढली ते टेपनं मोजा. समजा टाकी गोल आहे, आतला व्यास ८ मीटर. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मीटर. अर्ध्या तासात पातळी ५० सेंटिमीटर वाढली तर २५ घनमीटर पाणी आलं, म्हणजे तासाला ५०.

किती उंच चढतं? पंपाच्या डिलिव्हरीवर प्रेशर गेज लावा. बंद पडलेला जुना गेज तिथे असतोच, त्याच्यावर विसंबू नका, नवा आणा. एक किलो दाब म्हणजे ढोबळमानाने १० मीटर उंची. गेज ५.२ किलो दाखवतोय आणि विहिरीतली पाण्याची पातळी गेजच्या खाली ८ मीटर आहे, तर एकूण हेड, म्हणजे पंपाला पाणी जेवढं उंच ढकलावं लागतं ते, ६० मीटर. यात पाइपातल्या घर्षणाचा भाग आपोआप धरला जातो.

वीज किती लागते? पंप सुरू असताना मीटरचं रीडिंग घ्या, अर्ध्या तासानं पुन्हा घ्या. त्या मीटरवरचं बाकी सगळं बंद ठेवा. फरक ८ युनिट आला तर पंप १६ किलोवॅट ओढतोय. इथे एक खाचखळगा आहे. सीटी (मोठा करंट मीटरजोगा लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) लावलेल्या मीटरवर गुणक असतो आणि तो बिलावर छापलेला असतो. रीडिंगच्या फरकाला त्यानं गुणायचं राहिलं तर सगळं गणित कोसळतं.

आता सूत्र: तासाचे घनमीटर गुणिले हेडचे मीटर, भागिले ३६७. आपल्या उदाहरणात ५० गुणिले ६० भागिले ३६७, म्हणजे ८.२ किलोवॅट. पाणी वर न्यायला खरी एवढीच शक्ती लागते. पंप ओढतोय १६. म्हणजे पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५१ टक्के.

हे वाईट आहे का? या आकाराचा चांगला पंप ७० टक्क्यांच्या वर आणि चांगली मोटर ८८-९० टक्क्यांवर चालते. दोन्ही मिळून ६३ टक्के धरले तर तेवढंच पाणी १३ किलोवॅटमध्ये चढेल. फरक ३ किलोवॅटचा. रोज १० तास उपसा असेल तर वर्षाला सुमारे ११ हजार युनिट, आणि युनिटला ६ रुपये धरले तर ६६ हजार रुपये. एका पंपामागे. दर तुमच्या बिलावरचा घाला.

आकडा ५० टक्क्यांच्या खाली आला तर लगेच नवा पंप मागवू नका. आधी कारण शोधा, कारण बऱ्याचदा दोष पंपात नसतोच. मला सगळ्यात जास्त चीड येते ती अर्ध्या बंद डिलिव्हरी व्हॉल्व्हची. असं होतं की अंदाजपत्रक करताना 'असू दे थोडं जास्त' म्हणत हेड वाढवून धरतात. प्रत्यक्षात गरज असते ६० मीटरची, पंप येतो ९० चा. असा पंप मोकळा सोडला तर जास्त पाणी फेकतो, मोटर ओव्हरलोड होते आणि स्टार्टर ट्रिप होतो. मग व्हॉल्व्हमन आपल्या परीनं उपाय करतो. व्हॉल्व्ह चार-पाच आटे आवळतो, पंप सुरळीत चालतो आणि तो आवळलेला व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं वीज खात राहतो. व्हॉल्व्हमनची यात चूक नाही, त्यानं मोटर वाचवली. चूक कागदावरच्या हेडची आहे. अशा पंपाला कंपनीकडून इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) कापून घेणं हा स्वस्त उपाय असतो, कारण इम्पेलरचा व्यास थोडा कमी केला तरी लागणारी शक्ती झपाट्यानं उतरते. किती कापायचं ते पंपाचा वक्र (कोणत्या उंचीला किती पाणी, याचा आलेख) बघून कंपनीनंच सांगावं, गावच्या लेथवर अंदाजानं करू नये.

मोजमाप करताना व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल तर दाब त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे मोजा. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्हॉल्व्हवर जिरणारी तुमची वीज.

बाकी कारणं नेहमीची: पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हची गाळानं तुंबलेली जाळी, झिजलेला इम्पेलर, पुन्हा पुन्हा वाइंडिंग केलेली मोटर. दोनतीनदा जळून भरलेल्या मोटरीची कार्यक्षमता मूळ राहत नाही. अशी मोटर बदलायची वेळ आली तर आयई-३ या उच्च कार्यक्षमता दर्जाची घ्या. आणि जुनी मोटर 'स्टँडबाय' म्हणून तिथेच ठेवली तर नवी बिघडल्यावर तीच कायमची होते, हेही लक्षात असू द्या.

गळतीकडे पाणीपुरवठ्याची बाब म्हणून बघतात, विजेची म्हणून नाही. टाकीतून सुटलेलं शंभर लिटर पाणी आणि नळाशी पोचलेलं साठ लिटर, यातल्या चाळीस लिटरवर उपशाची वीज खर्च झालेलीच असते. रायझिंग मेनवरची (पंपापासून टाकीपर्यंतच्या पाइपवरची) फुटलेली जोड दुरुस्त करणं हा त्यामुळे ऊर्जाबचतीचाच खर्च आहे, आणि प्रस्तावात तसा लिहिला तर मंजुरीला एक कारण जास्त मिळतं.

उपशाची वेळही बघा. २०२३ मध्ये केंद्रानं वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार दिवसाच्या आठ 'सौर तासां'त दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या वेळी जास्त ठेवायचा आहे. पूर्वी रात्री टाकी भरणं परवडायचं म्हणून अनेक योजनांचं वेळापत्रक रात्रीचं आहे. तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर लागू असेल तर ताजं दरपत्रक समोर ठेवून ते नव्यानं बसवा. मोठी टाकी असेल तर संध्याकाळच्या महागड्या तासांत पंप बंद ठेवता येतो का, ते पाहा.

रस्त्यावरचे दिवे

हे काम बऱ्याच ठिकाणी झालेलं आहे, म्हणून थोडक्यात. केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाला आणि ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत देशभरात सव्वा कोटीहून जास्त एलईडी पथदिवे लागले. तुमच्याकडेही लागले असतील. पण दिवे बदलल्यावर बिलाचं काय झालं, हे कुणी बघितलं का?

दिवा रात्री ११ तास धरला तर वर्षाला सुमारे ४ हजार तास जळतो. ७० वॉटचा जुना सोडियम दिवा चोकसह साधारण ८५ वॉट घेतो, म्हणजे वर्षाला ३४० युनिट. त्याजागी २० वॉटचा एलईडी आला की ८०. खांब मोजा, गुणाकार करा, बिलाशी ताडून बघा. मीटर नसलेल्या जोडणीवर जुन्याच भारानं आकारणी चालू राहते. मीटर असेल तरी मंजूर भार कमी करून घेतलेला नसतो. दोन्हीसाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

सकाळी नऊ वाजता जळणारे दिवे ही नागरिकांची नेहमीची तक्रार. त्याला सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे स्वतः वेळ बदलणारा टायमर हे उत्तर. साध्या टायमरला पावसाळा आणि हिवाळा कळत नाही, आणि वीज गेली की त्याची वेळ चुकते.

नवी निविदा काढत असाल तर नुसते वॉट लिहू नका, लुमेन, म्हणजे उजेड किती ते, लिहा. नुसत्या वॉटवर निविदा काढली की कमी उजेडाचा दिवा सगळ्यात स्वस्त ठरतो. दिव्याचा उजेड आणि टिकाऊपणा तपासणारे एलएम-७९ आणि एलएम-८० चाचणी अहवाल, १० केव्ही सर्ज संरक्षण, ड्रायव्हरसह (दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या भागासह) पाच वर्षांची वॉरंटी आणि बंद दिवा किती तासांत सुरू करायचा, त्याचा दंड, हे करारातच हवं. महावितरणच्या लाइनवरचे व्होल्टेज झटके आणि पहिला वळीव यांत सर्ज संरक्षण नसलेले ड्रायव्हर पटापट जातात. रंग फार पांढराफटक नको. ४००० केल्विनच्या आसपासचा उजेड डोळ्यांना बरा आणि पावसातही ठीक दिसतो.

पैसे नाहीत म्हणता? अकोल्याचं बघा

२००७ साली अकोला महापालिकेनं साडेअकरा हजारांहून जास्त पथदिवे बदलले. तेव्हा एलईडीचा जमाना नव्हता, जुन्या ट्यूब, सोडियम आणि मर्क्युरी दिव्यांच्या जागी टी-५ ट्यूब बसवल्या. गुंतवणूक केली ती कंत्राटदार कंपनीनं. परतफेड बचतीतून, म्हणजे पडताळून निघालेल्या बचतीच्या ९५ टक्के कंपनीला, सहा वर्षं. वीज ५६ टक्के वाचली, वर्षाला सुमारे २१ लाख युनिट. कंपनीची गुंतवणूक वर्षाच्या आत वसूल झाली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली उघड आहे: तिजोरी रिकामी असली तरी काम होऊ शकतं. दुसरी जरा टोचणारी. गुंतवणूक वर्षाच्या आत वसूल होत असेल तर सहा वर्षं ९५ टक्के देणं महाग सौदा. अर्थात तेव्हा अशा कराराचे नमुने हाताशी नव्हते आणि कुणीतरी पहिला असावाच लागतो. तुम्ही आज करार करत असाल तर मुदत लहान ठेवा किंवा पहिल्या काही वर्षांनंतर वाटा उतरता ठेवा.

अशा करारात भांडण नेहमी आधाररेषेवरून, म्हणजे आधी किती वीज लागत होती त्या आकड्यावरून होतं. सुरुवातीला तिसरा हिस्सा दिवे बंदच असतील आणि कागदावर सगळे चालू धरले, तर कागदावर बचत दिसते आणि बिल मात्र उतरत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून मोजणी करा, खांबनिहाय यादीवर सह्या घ्या. वीजदर वाढला तर फायदा कुणाचा, नवे खांब वाढले तर हिशोब कसा, हेही आधीच लिहा. परतफेडीसाठी वेगळं बँक खातं ठेवा. देशभरात अनेक स्थानिक संस्थांनी ईईएसएलचे हप्ते थकवले, आणि असे हप्ते थकले की देखभाल करणारा हात आखडता घेतो. अंधार मात्र नागरिकांच्या वाट्याला येतो.

कचेरी आणि खरेदी

इथे वीज थोडी, पण लोकांना दिसणारी जागा हीच. ७५ वॉटचा पंखा जाऊन ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरीचा) आला, जुनी ट्यूब चोकसह ५० वॉटच्या वर घेते तिथे २० वॉटची एलईडी आली, की दिवसभर चालणाऱ्या दालनांत फरक पडतो. शाळांमध्ये वर्गखोल्या पुष्कळ असल्यानं पंख्यांचा हिशोब कचेरीपेक्षा मोठा निघतो. साहेबांच्या दालनातला एसी १८ वर असतो. तो २४ वर आणा, अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या नव्या खोली-एसींना सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारकच आहे, रिमोट मात्र साहेबांच्याच हातात राहतो.

सरकारचं खरं बळ खरेदीत आहे. २०१४ च्या सुरुवातीला एलईडी बल्बचा सरकारी खरेदी भाव नगाला ३१० रुपये होता. उजाला या केंद्राच्या एलईडी बल्ब योजनेत लाखो बल्बांची एकत्र मागणी नोंदवत गेल्यावर २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. बाजारातले भावही त्यामागून उतरले आणि ज्यानं सरकारी बल्ब कधी घेतला नाही त्याच्या घरीही एलईडी पोचला. तालुक्यातल्या दहा ग्रामपंचायतींनी पंखे किंवा मोटरी एकत्र मागवल्या तर लहान प्रमाणात हेच घडेल. पंचायत समितीनं पुढाकार घ्यावा, असं हे काम आहे.

अडचण कमी दराच्या निविदेची. तिच्यावर उपाय म्हणजे पात्रतेच्या अटीतच दर्जा घालणं: पंख्याला आणि एसीला किमान किती स्टार, मोटरीला आयई-३, पंपाला कामाच्या बिंदूवर किमान किती टक्के कार्यक्षमता. त्यानंतर खुशाल सगळ्यात कमी दर घ्या. पंपासाठी याच्याही पुढे जाता येतं. दहा वर्षांची वीज किमतीत मिळवून तुलना करा. उपशाचा पंप एकदोन वर्षांतच स्वतःच्या किमतीहून जास्त वीज खातो, त्यामुळे स्वस्त पंपाचं गणित या तुलनेत टिकत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप येईल ही भीती असते. मूल्यमापनाचं सूत्र निविदेतच छापलेलं असेल आणि सगळ्यांना तेच लावलं असेल तर उत्तर देता येतं.

नवी इमारत बांधताय? जोडलेला भार १०० किलोवॅट किंवा करार मागणी १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त असेल तर ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचे निकष वास्तुविशारदाच्या कामाच्या व्याप्तीत लिहून घ्या. नकाशा मंजूर झाल्यावर पश्चिमेची काचेची भिंत हलवता येत नाही.

सौर आता

पंप दुरुस्त झाला, दिवे बदलले, भार उतरला. आता किती पॅनेल लागतील ते काढा. आधीच्या बिलावर काढले असते तर जास्त घेतले असते. पुण्यातल्या महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडून मार्गदर्शन घ्या. राज्याच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात 'अग्नी' या तत्त्वाखाली ऊर्जेच्या कामांना गुण आहेत, तेव्हा मोजमापाच्या नोंदी आणि आधीची-नंतरची बिलं त्या फायलीत लावून ठेवा. पॅनेल धुण्याची जबाबदारी कुणाची हे ठरावात लिहा, धुळीनं माखलेली पॅनेलं सरकारी गच्चीवर हवी तेवढी आहेत.

काढलेल्या मालाचं काय करायचं

जुने पंखे, चोक, फिटिंग, मोटरी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) असतात, त्यामुळे उतरवलेला माल खोलीत पडून राहतो. आणि महिन्याभरात एखादा जुना पंखा समाजमंदिरात, जुनी मोटर दुसऱ्या विहिरीवर चालू झालेली दिसते. वीज तिथे जळायला लागते. हे टाळायचं तर कामाच्या आदेशातच निर्लेखनाचा (नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव जोडा आणि माल उतरला की लिलाव लावा. मोटरीतल्या तांब्याला बरा भाव येतो. ट्यूब आणि मर्क्युरी दिव्यांत पारा असतो, त्या घंटागाडीत टाकायच्या नाहीत. ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या संस्थेकडेच द्यायच्या आणि तिची पावती बिलांच्या तक्त्याबरोबर लावायची.